अडकोबाचं यंत्र

टेलरबाईचा राग भांडी आपटणारा नव्हता. राग आला की ती गप्प व्हायची, मशिनवर वाकायची आणि टाके इतके बारीक घालायची, की उसवणाऱ्याच्या नाकी नऊ यावेत. अख्ख्या गावाचे कपडे तिने शिवले. कुणाची कंबर किती वाढली, कुणाचा एक खांदा उतरलाय, माप देताना कोण पोट आत ओढतं, सगळं तिला तोंडपाठ. पण त्यातलं एक अक्षर तिने कधी बाहेर काढलं नाही. तिच्या पोटात गोष्टी राहायच्या. आणि बावीस वर्षं तिच्या पोटात राहिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिच्या नवऱ्याला गावाने पाडलेलं नाव. अडकोबा.

हे नाव पडलं कसं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल.

घरचं एक कुरण होतं. नदीच्या वळणावर, सपाट, बारमाही ओलाव्याचं. असं गवत आसपास कुठे उगवायचं नाही. सासऱ्यांना मुलगे दोन आणि कुरण एक. तुकडे करायचे नाहीत, हा त्यांचा हट्ट. मग त्यांनी स्वतःच्या डोक्यातून एक नियम काढला. एका वर्षी धाकट्याने कापायचं, पुढच्या वर्षी थोरल्याने. ज्याचं कापणं स्वच्छ, कुरण त्याचं. घरात यंत्र एकच, ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं. त्याचा सहा फुटी लोखंडी दांडा उजव्या बाजूला जमिनीलगत बाहेर निघायचा. दांड्याला पुढे टोकदार लोखंडी बोटं, आणि त्या बोटांमधून त्रिकोणी पात्यांची एक लांब पट्टी इकडून तिकडे धावायची. पट्टीला ढकलायला आणि ओढायला एक लाकडी हात. यंत्र नीट चाललं, तर कापलेलं गवत क्षणभर उभंच राहायचं आणि मग सावकाश आडवं व्हायचं.

धाकट्याने कापलं ते वर्ष छान गेलं. पुढच्या वर्षी थोरला ट्रॅक्टरवर बसला, आणि बसला तसं यंत्र अडकायला लागलं. वीस पावलं गेलं की दांड्यावर गवताचा हा एवढा बोळा. उतरा, ट्रॅक्टर मागे घ्या, बोळा हाताने उपसा, परत चढा. लाकडी हात तीनदा मोडला. मागे राहिलेलं कुरण म्हणजे अर्धवट भादरलेलं डोकं. कुंपणापाशी निम्मं गाव जमलं होतं. धाकटा त्यांच्यात उभा राहून ओरडला, "आला रे आला, अडकोबा आला!" लोक खो खो हसले, आणि झालं, नाव चिकटलं.

कुरण धाकट्याकडे गेलं. कागद नाही केला, सासऱ्यांचा सगळा कारभार तोंडी. पुढच्या हंगामाआधीच धाकट्याने गरगर फिरणाऱ्या तबकड्यांचं नवीन यंत्र घेतलं, आणि जुना ट्रॅक्टर त्या जुन्या यंत्रासकट थोरल्याच्या अंगणात आणून सोडला. "दादा, तुझं तुला लखलाभ," म्हणाला.

थोरला गरीब स्वभावाचा. तो उलटून बोलला नाही. पण दर हंगामात घरामागच्या तुकड्यात तो ते यंत्र काढायचाच. पाती घासायचा, रिव्हेट बदलायचा, वाकलेली बोटं ठोकून सरळ करायचा. दर वर्षी यंत्र अडकायचं. घरात येऊन हात धुताना तो बायकोला म्हणायचा, "माझ्याच हातात काहीतरी कमी आहे बघ." तीन वर्षांपूर्वी तो गेला. त्याला पोचवून परत येताना मागून दोघं जण बोलत होते, "सुटला बिचारा अडकोबा." टेलरबाईने ते ऐकलं. मागे वळून बघितलं नाही, पण ते दोन आवाज कुणाचे ते तिला बरोबर कळलं. त्या दोघांचे कपडे तिने त्यानंतर कधी शिवले नाहीत.

आणि गंमत बघा. कुरण धाकट्याला, पण म्हातारा थोरलीच्या घरात. धाकट्या जावेला म्हणे सासऱ्यांच्या खोकल्याने झोप लागत नाही. म्हणजे दूध, औषधं, अंघोळ, चादरी, सगळं टेलरबाईच्या गळ्यात. तिने ते केलं. नवऱ्याचा बाप म्हणून केलं, मनापासून केलं. त्यांच्याशी तास न् तास गप्पाही मारल्या. एवढं सगळं लक्षात ठेवा.

त्या वर्षी सासऱ्यांना चौऱ्याऐंशी पूर्ण झाली आणि एकदम कागद करायची घाई सुटली. कचेरीतला कारकून घरी आला. पुढच्या खोलीत पलंगावर सासरे, खुर्चीवर कारकून, दारात धाकटा. टेलरबाई चहा घेऊन आली तेव्हा कारकून विचारत होता, "मग कुरणाला नाव कुणाचं घालू?"

"धाकट्याचं. दुसऱ्या कुणाचं?" सासरे म्हणाले.

"ते होईल हो बाबा," धाकटा म्हणाला, "पण आधी गवताचं बघा. फुलोरा आलाय आणि माझं यंत्र बसलंय. गिअरबॉक्स गेला. पार्ट यायला पंधरा दिवस. तोवर गवताच्या काड्या होतील." मग वहिनीकडे बघून त्याला हसू फुटलं. "वहिनी, दादाचं यंत्र आहे की तुमच्याकडे! काढा बाहेर. तेवढीच गावाला करमणूक."

टेलरबाईने कप खाली ठेवले.

"काढते," ती म्हणाली. "पण मग बाबांचा नियमही तोच ना? ज्याचं कापणं स्वच्छ, कुरण त्याचं?"

सासऱ्यांना आपल्या नियमाचा कोण अभिमान! ते उशीवरून थोडे वर सरकले. "तोच. माझा शब्द बदलत नसतो."

"भाऊजी, तुमची काही हरकत?"

"माझी?" धाकट्याला हसताना ठसका लागला. "कापा की! मी कुंपणाशी खुर्ची टाकून बसतो."

"कारकूनसाहेब," ती म्हणाली, "नावाची जागा कोरी ठेवा. चार दिवसांनी या."

तिला काय हवं होतं ते सरळच सांगतो. कुरण हवं होतंच. पण कुरणाहून जास्त तिला धाकट्याच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, चारचौघांत, मोठ्याने: माझ्या दादाला गवत कापता येत होतं. तीन वर्षं ती हे वाक्य मनातल्या मनात त्याच्याकडून वदवून घेत होती. शिवताना, भांडी घासताना, सासऱ्यांना औषध मोजून देताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दुकानाला कुलूप लावलं, नवऱ्याची जुनी पॅन्ट चढवली आणि शेड उघडली. ट्रॅक्टर तिला चालवता यायचा, त्यात काही विशेष नाही. यंत्राला मात्र तिने आजवर हात लावला नव्हता. नवरा खपत असायचा तेव्हा ती चहा घेऊन यायची, तेवढाच संबंध. आता ती उकिडवी बसली आणि नीट बघायला लागली. बघता बघता तिला वाटलं, अरे, यात न कळण्यासारखं आहे काय? खाली स्थिर धार, वर सरकती धार. ही कात्रीच की! आणि कात्री तर ती तीस वर्षं धरत आली होती. कात्रीची पाती एकमेकींना घासून गेली नाहीत, तर ती कापड कापत नाही, चावते.

मग काय, बाई कामाला लागल्या. पट्टी बाहेर ओढली, बोथट पाती रिव्हेट तोडून काढली, नवी बसवली. प्रत्येक बोटातल्या छोट्या पोलादी पट्टीला कानस मारली. पट्टीला वरून दाबणाऱ्या चिमट्या होत्या, त्या हातोडीने अशा ठोकल्या की पाती खालच्या धारेला अगदी चिकटून गेली. हाताची बोटं सोलवटली. संध्याकाळच्या उन्हात तिने ट्रॅक्टर घरामागच्या तुकड्यात नेला, यंत्र सुरू केलं, आणि पंधरा पावलांवर यंत्र अडकलं. पट्टी इतकी तापली होती की हात लावल्यावर चटका बसला. पुन्हा केलं, पुन्हा अडकलं. तिसऱ्यांदा लाकडी हात कडकन मोडला.

ती तिथेच गवतात बसली. पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, की खरंच ह्यांच्या हातात काही कमी असेल का? आणि हे मनात आल्याबद्दल तिला स्वतःचा इतका संताप आला, की तिने हातातला पाना दूर भिरकावला. नंतर अर्धा तास तोच शोधत बसली.

सकाळी ती म्हाताऱ्या फिटरकडे गेली. हा माणूस एके काळी आसपासची सगळी यंत्रं दुरुस्त करायचा. आता ऐकू कमी यायचं, जीभ मात्र पूर्वीइतकीच तिखट. धाकट्याशी त्याचं कधी पटलं नाही, म्हणून घरच्या यंत्राला त्याचा हात कधी लागलाच नव्हता. धाकटा सांगायचा, "मी बघतो दादा, फिटर कशाला हवा?" आणि दादा ऐकायचा.

फिटर आला, वाकला, आणि पहिल्यांदा चिमट्यांवरच घसरला. "हे कोणी ठोकलं?"

"मी," ती ओरडून म्हणाली.

"का?"

"कात्री सैल असली की कापत नाही."

"ही कात्री नव्हे, बाई! कात्री मिनिटाला हजार वेळा चालवता का तुम्ही? चिमटीखाली कागद सरकेल एवढी फट लागते. घट्ट केलं की तापणार, तापलं की अडकणार." मग थोडा नरमला. "पाती मात्र बरोबर घातलीस. रिव्हेट चांगले बसलेत. नवऱ्याने शिकवलं?"

"नाही. बघितलं होतं."

चिमट्या सैल करून झाल्या. फिटरने दांड्याच्या बाहेरच्या टोकाकडे बोट केलं. "आता हे टोक पुढे किती आहे ते माप."

"पुढे? दांडा तर सरळ हवा ना?"

"सगळे मूर्ख हेच म्हणतात. अगं, ट्रॅक्टर चालला की गवत ह्या टोकाला मागे रेटतं. म्हणून उभ्या यंत्राचं टोक दीड इंच पुढे ठेवायचं. मग चालताना ते सरळ येतं. उभं असतानाच मागे असेल, तर चालताना आणखी मागे जाणार. पट्टी वाकडी धावणार, लाकडी हात मोडणार, गवताचे बोळे होणार. तुझी पाती सोन्याची असली तरी काही उपयोग नाही."

आता माप घ्यायचं म्हटल्यावर टेलरबाईचं राज्य आलं. तिने मागच्या दोन्ही चाकांना धरून जाड दोरा ताणला, तो सरळ दांड्याच्या पुढून बाहेरपर्यंत नेला. दांड्याचं टोक हाताने मागे ढकलून सगळी ढिलाई काढली. मग गळ्यातली टेप दोऱ्यापासून पट्टीपर्यंत आतल्या टोकाला धरली, आणि बाहेरच्या टोकाला धरली. पुन्हा धरली. तिच्या मापात चूक होत नसते, पण तिसऱ्यांदाही धरली.

"सव्वा इंच," ती म्हणाली. "पुढे नाही. मागे."

"झिजलं असेल," फिटर म्हणाला. "आतल्या सांध्यात एक बुश असतो, म्हणजे लोखंडी नळकांडं, त्याचं भोक मुद्दाम एका बाजूला असतं. तो फिरवला की टोक पुढे येतं. लाव पाना."

तिने पाना लावला. बुश हलेना. दोघांनी मिळून जोर लावला, तरी हलेना. फिटरने रॉकेलचा बोळा घेतला आणि बुशावरचा वर्षानुवर्षांचा काळा थर पुसायला सुरुवात केली. ग्रीस निघालं, त्याखाली रंग निघाला. रंगाखाली वेल्डिंगचे दोन टाके होते. छोटे, नीट घातलेले, आणि वरून रंग मारून लपवलेले. फिटरने टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"बाई," तो म्हणाला, "ही झीज नव्हे. बुश मुद्दाम उलटा फिरवून जाम केलाय. आणि करणाऱ्याला यंत्र चांगलं कळत होतं. तुमच्या घरात वेल्डिंगचं सामान कुणाकडे होतं?"

सामान एकाकडेच होतं. तिच्या डोळ्यांपुढे ते वर्ष आलं. कापणीच्या आदल्या दिवशी धाकट्याने यंत्र पाण्याने धुऊन, रंगवून दिलं होतं. नवरा केवढा खूश झाला होता! "बघ, कितीही असलं तरी भाऊ आहे," म्हणाला होता. एकोणीस वर्षं तो माणूस पाती घासत राहिला. एकोणीस वर्षं स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. ती शेडच्या भिंतीला टेकली आणि रडली, पण दुःखाने नाही. तिला धाकट्याचा गळा धरावासा वाटत होता.

"आत्ताच जा आणि सांग सगळ्यांना," फिटर म्हणाला.

"आत्ता नाही. आत्ता सांगितलं तर म्हणेल, कापता येत नाही म्हणून रडतेय. आधी कापते."

एवढ्यात फाटकाचा आवाज आला. धाकटाच. तिने खसकन बोटभर ग्रीस उचललं आणि टाक्यांवर फासलं.

"काय वहिनी, चाललंय का?" तो शेडच्या दारातून आत आला, आणि त्याची नजर गेली ती थेट आतल्या सांध्यावर. नव्या पात्यांवर नाही, मोडलेल्या लाकडी हातावर नाही, फिटरवरसुद्धा नाही. सांध्यावर. तिथे काळं ग्रीस दिसल्यावर त्याचा चेहरा सैल पडला.

टेलरबाईने ते पाहिलं. तिला आणखी पुरावा नको होता.

"चाललंय आपलं," ती म्हणाली. "भाऊजी, दांडा अगदी सरळ ठेवायचा ना?"

"एकदम सरळ!" तो उत्साहाने म्हणाला. "सरळ असला की झालं. दादा इथेच तर चुकायचा."

फिटरला ऐकू आलं नाही, ते बरं झालं. ऐकू आलं असतं, तर हातोडी यंत्रावर पडली नसती.

टाके ग्राइंडरने कापले. जुना बुश ठोकून बाहेर काढला. फिटरने आपल्या डब्यांच्या ढिगातून दुसरा शोधून आणला, त्याला तेवढ्यासाठी अख्खी दुपार लागली. तो बसवून फिरवला, दोरा ताणला, टेप धरली, आणि बाहेरचं टोक दीड इंच पुढे आलं. मग नवा लाकडी हात बसवून त्याची लांबी बघितली. पट्टी एका बाजूला गेली की प्रत्येक पातं बोटाच्या बरोबर मधोमध थांबायला हवं, दुसऱ्या बाजूला गेली की पुढच्या बोटाच्या मधोमध. थोडं कमी येत होतं. तेही जुळवलं. जुना बुश तिने फडक्यात गुंडाळून खिशात टाकला.

घरामागच्या तुकड्यात ट्रॅक्टर नेला. यंत्र सुरू झालं, तेच मुळी वेगळ्या आवाजात. आधी खडखड करायचं, आता एकसारखं टकटक. ती पुढे निघाली. गवत क्षणभर उभं राहिलं आणि मग सावकाश आडवं झालं. तुकडा संपला, ती वळली, परत आली. कुठे बोळा नाही, कुठे शेंडी नाही. फिटर ओरडून काहीतरी सांगत होता, पण तिला ऐकायचं नव्हतं. ती चालवत राहिली आणि तोंडाने धाकट्याला अशा शिव्या देत राहिली, की तिच्या गिऱ्हाइकांना ऐकून चक्कर आली असती.

चौथ्या दिवशी सकाळी, दव सुकल्यावर, ती कुरणात उतरली. गाव जमलं होतंच. धाकट्याने खरोखरच खुर्ची आणली होती, आणि सासऱ्यांसाठीही एक. कारकून कागदांची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी. तिने दांडा खाली टेकवला आणि निघाली. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. लोक हसण्याच्या तयारीत थांबले होते, त्यांची पंचाईत झाली. तासाभराने तिला आतल्या बाजूने करपट वास आला, म्हणून तिने ट्रॅक्टर थांबवला.

"अडकली!" कुणीतरी ओरडलं, आणि हशा उसळला. धाकटा खुर्चीतून उठलाच.

ती खाली उतरली, पट्टीवर तेल सोडलं, एक चिमटी हातोडीने ठोकून किंचित सैल केली, आणि परत चढली. टकटक सुरू झालं. हशा जागच्या जागी विरला. त्यानंतर ती थांबली ती फक्त डिझेल घालायला आणि पाणी प्यायला. ऊन कलायला लागलं तेव्हा कुरणाच्या मधोमध एक अरुंद पट्टा उरला होता. तोही पडला. पूर्ण कुरण आडवं, ओळीत, तळाशी सगळीकडे सारखं दोन बोटं खुंट. धाकट्याच्या नव्या यंत्रानेही इतकं सारखं कधी कापलं नव्हतं, आणि हे गावातला प्रत्येक जण बघू शकत होता.

ती ट्रॅक्टरवरून उतरून सरळ खुर्च्यांपाशी आली. खिशातलं फडकं सोडलं आणि बुश धाकट्याच्या मांडीवर टाकला.

"हा काय आहे, भाऊजी?"

धाकट्याने बघितलं. "मला काय माहीत?"

"नीट बघा. वेल्डिंग तुमचं आहे. बावीस वर्षांपूर्वी यंत्र रंगवून दिलं होतंत, त्या दिवसाचं. फिटरला विचारा, तो उभा आहे इथे. बुश उलटा फिरवलात, जाम केलात, वरून रंग मारलात."

लोक पुढे सरकले. आता कुणी हसत नव्हतं. धाकट्याने एकदा फिटरकडे बघितलं, एकदा बापाकडे, आणि मान खाली घातली. "थट्टा होती हो वहिनी," तो पुटपुटला. "एका दिवसाची थट्टा. मी लहान होतो. मग एकदम कुरणच मिळालं, आणि मग सांगायचं कसं..."

"म्हणा," ती म्हणाली. "माझ्या दादाला गवत कापता येत होतं."

"वहिनी, लोकांसमोर..."

"लोकांसमोरच नाव ठेवलंत ना? म्हणा."

"माझ्या दादाला गवत कापता येत होतं."

"मोठ्याने."

तो म्हणाला, मोठ्याने. आवाज फाटला त्याचा. टेलरबाईने ते वाक्य पुरतं ऐकून घेतलं. इतकी वर्षं जे मागितलं ते समोर येऊन पडलं होतं, आणि तिला बरं वाटलं. उगाच खोटं कशाला सांगा, अगदी आतून थंड वाटलं. आता म्हातारा पेटून उठेल, धाकट्याच्या थोबाडीत देईल, अशा अपेक्षेने ती सासऱ्यांकडे वळली.

सासऱ्यांनी धाकट्याच्या मांडीवरचा बुश उचलला. उलटसुलट करून बघितला.

"मला वाटलं, हा केव्हाच काढून टाकला असेल," ते म्हणाले.

कुणालाच आधी कळलं नाही. मग टेलरबाईला कळलं.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"यंत्र तुमच्या अंगणात आणलं तेव्हा रंगाखालचे टाके हाताला लागले. मी ढकलायला होतो मागून." म्हातारा तिच्याकडे बघत नव्हता. "धाकटा तेव्हा शहरात निघाला होता. सामान बांधलं होतं त्याने. कुरण मिळालं म्हणून थांबला. मला दोघंही डोळ्यांसमोर हवे होते. थोरला काय, तो कुठे जाणार होता? त्याला काहीही म्हटलं असतं तरी तो राहणारच होता."

"ह्यांना एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"भावाभावांत भांडण झालं असतं."

"व्हायला हवं होतं," ती म्हणाली.

मग कारकुनाला म्हणाली, "नाव घाला." आपलं नाव तिने स्पष्ट सांगितलं, कारकुनाने कोऱ्या जागेत ते घातलं, सासऱ्यांनी सही केली. तिने कागद वाचून घेतला, घडी घातली आणि सासऱ्यांना हाताला धरून घरी आणलं. त्या दिवशीचं औषध द्यायची वेळ टळून गेली होती. तिने ते मोजून दिलं, पाणी दिलं, पांघरूण घातलं.

आणि त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही.

एक शब्दही नाही. वेळच्या वेळी दूध, वेळच्या वेळी गोळ्या, दर दोन दिवसांनी चादर. पाठ दुखली तर तेल. थंडी पडली तर तिने स्वतः जाड सदरा शिवला, काखेत न टोचणारा, मऊ. म्हाताऱ्याशी बोलणारी त्या घरात ती एकटीच होती. तो पहिले काही महिने एकटाच बोलत राहिला. विचारायचा, चुकलं म्हणायचा, कधी चिडायचा, कधी मुद्दाम पेला पाडायचा. ती पेला उचलायची, पुसायची आणि दुसरा भरून आणायची. धाकटा फिरकत नव्हता. बापाने सगळ्यांदेखत तोंड उघडलं, याचा त्याला राग होता. हळूहळू म्हाताऱ्याने बोलायचं सोडलं. नुसते डोळे तिच्यामागे फिरायचे.

अशी चार वर्षं गेली. पाचव्या वर्षी छातीत कफ भरला तेव्हा तिने भर पावसात माणूस पाठवून डॉक्टर आणवला, महागडी औषधं मागवली, आठ दिवस उशाशी बसून राहिली. म्हातारा त्यातून उठला. डॉक्टर बॅग बंद करता करता म्हणाला, "बाई, मानलं तुम्हाला. या वयात, अशा छातीचा माणूस दुसऱ्या कुणाच्या हातात केव्हाच गेला असता. सून असावी तर अशी."

टेलरबाईने पलंगाकडे बघितलं. म्हातारा जागा होता, टक लावून तिच्याकडे बघत होता.

"डॉक्टर," ती म्हणाली, "त्यांना अजून पुष्कळ जगवायचंय मला."

म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड केलं.